मुंबईची क्वीनी

गेटवे ऑफ इंडिया कशाची आठवण म्हणून बांधलं हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी, डिसेंबर १९११, अपोलो बंदर. ते दोघं उतरले तेव्हा खरं तर ही कमान तिथे नव्हतीच, ती पूर्ण झाली १९२४ साली. पण त्या भेटीची अजून एक आठवण मुंबईत मागे राहिली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. त्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९११ ला, मुंबईत एक मुलगी जन्मली होती आणि राणी येणार म्हणून तिचं लाडाचं नाव पडलं क्वीनी. कागदोपत्री नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन. पुढे ती लंडनला गेली, तिथून हॉलिवूडला गेली, मोठी स्टार झाली, जगाने तिला मर्ल ओबेरॉन या नावाने ओळखलं, आणि जगाला सांगितलं गेलं की ही बाई टास्मानिया बेटावर होबार्ट शहरात जन्मली, आणि जन्माचे कागद? ते आगीत जळाले म्हणे.

मला हे कळायला इतकी वर्षं लागली याचं मला अजून वाईट वाटतं. कॉलेजात आम्हाला एमिली ब्राँटेची वदरिंग हाइट्स ही कादंबरी अभ्यासाला होती, तेव्हा आमच्या बाईंनी वर्गात जुना १९३९ चा सिनेमा दाखवला होता. वर्गातल्या सगळ्या मुली लॉरेन्स ऑलिव्हिएच्या प्रेमात पडल्या, मी मात्र कॅथीचं काम करणाऱ्या बाईकडेच बघत बसले होते. ते कपाळ, ते तिरकस डोळे, आणि चिडल्यावर चेहऱ्यावर झर्रकन येणारी ती सावली. घरी येऊन आईला म्हटलं पण होतं की ती बाई इंग्रज वाटतच नाही गं. मग विसरून गेले. २०२३ मध्ये मिशेल योला ऑस्कर मिळालं तेव्हा सगळीकडे लिहून यायला लागलं की ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी’ ही पहिलीच बेस्ट अॅक्ट्रेस नामांकित, आणि मला कळेना की हे असं जपून जपून का लिहितायत, सरळ पहिली आशियाई का नाही म्हणत. शोधलं तर उत्तर मिळालं की तिच्याआधी एक होऊन गेलीय, १९३६ च्या समारंभात नामांकन होतं तिला, फक्त तिने जन्मभर ते कबूल केलं नाही. फोटो उघडला तर समोर माझी कॅथी.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय आणि मिळतील ते सिनेमे बघतेय, आणि एक गोष्ट मला सारखी खटकते. तिच्यावर लिहिणारे जवळजवळ सगळे तिचं आयुष्य एक ‘गुपित’ म्हणून सांगतात, म्हणजे बघा कसं फसवलं जगाला, असं. मला ते पटत नाही. गुपित म्हणजे काय एकदा कुलूप लावलं आणि झालं असं नसतं, ते रोज सांभाळावं लागतं, पन्नास वर्षं रोज सकाळी उठून, आणि तिचं गुपित तर तिच्या चेहऱ्यावरच होतं.

आधी घरचं सांगते, कारण तिथेच सगळी गुंतागुंत आहे. तिला वाढवलं शार्लटने. शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची, रंगाने सावळी. मर्ल तिलाच आई मानायची. घरात कॉन्स्टन्स नावाची एक मोठी बहीण होती. आणि ही बहीणच तिची खरी आई होती. कॉन्स्टन्स शार्लटची मुलगी, बाळंत झाली तेव्हा स्वतःच कोवळी पोर होती, आणि घराण्याची अब्रू आणि मुलीचं पुढचं आयुष्य वाचवायला आजीने नातीला आपल्या पदरात घेतलं. असं आपल्याकडेही झालेलं आहे, कुणी बोलत नाही एवढंच. वडील म्हणून नाव लागलं ते रेल्वेत इंजिनियर असलेल्या एका इंग्रज माणसाचं, तो पहिल्या महायुद्धात गेला तो परत आलाच नाही. म्हणजे मर्लने जगापासून जे लपवलं ते एक, आणि तिच्या स्वतःपासूनच जे लपवलं गेलं ते दुसरं. खोटं तिने सुरू केलं नव्हतं हो, ते तिच्या पाळण्यातच होतं.

१९१७ साली मायलेकी (मी मायलेकीच म्हणणार) मुंबई सोडून कलकत्त्याला गेल्या. तिथे ला मार्टिनिअर शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण मुली मिश्र रक्तावरून इतकं टोचून बोलायच्या की शाळा सुटली आणि पुढचं शिक्षण घरीच झालं. त्या काळी अँग्लो-इंडियन माणसाची अवस्था काय होती हे आज आपल्याला पटकन लक्षात येत नाही. रेल्वे, तार ऑफिस, टेलिफोन, कस्टम्स या नोकऱ्या त्यांच्या, पण साहेबाच्या क्लबात त्यांना जागा नाही आणि आपल्या माजघरात तर नाहीच नाही. त्यांच्या बोलण्याच्या हेलाला इंग्रज लोक ‘ची-ची’ म्हणून हिणवायचे. टास्मानियाची गोष्ट रचायच्या कितीतरी आधी क्वीनीला हा हेल जिभेवरून खरवडून काढावा लागला असणार.

कलकत्त्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. हे वाचलं आणि मला आपली सुलोचना आठवली, म्हणजे मूकपटातली सुलोचना, रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू घरातली मुलगी, ती पण सिनेमात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटरच होती. दोघी साधारण एका काळातल्या, रुबी चार वर्षांनी मोठी. आणि उलटापालट कशी बघा. इथे रुबी मायर्सची सुलोचना झाली, रेने स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी सीता देवी झाली, कारण चांगल्या घरच्या हिंदू मुली सिनेमात यायला तयार नव्हत्या आणि पडद्यावर तर हिंदू नाव हवं होतं. आणि त्याच दहा-पंधरा वर्षांत मुंबईची क्वीनी बोटीत बसून गेली आणि तिकडे तिचं नाव पुसून गोरं नाव लावलं. नाव बदललं सगळ्यांनीच, पण सुलोचनाला घरी आल्यावर रुबी होता येत होतं, लोकांना माहीत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. क्वीनीला ती सोय नव्हती.

ती गेली कशी याचीही गोष्ट आहे. चरित्रकार सांगतात की कलकत्त्यात चौरंगीवर फर्पो नावाचं हॉटेल होतं तिथे एका माजी अभिनेत्याशी तिची ओळख झाली, दोघं फिरायला लागले, एका रात्री तो घरी सोडायला आला, दारात शार्लट उभी, आणि तिचा रंग बघून त्याला कळलं की ही मुलगी आपण समजलो ती नव्हे. लग्नाचा विषय तिथेच संपला. पण जाता जाता त्याने फ्रान्समधल्या नीसला रेक्स इंग्रॅम नावाच्या दिग्दर्शकाकडे ओळख काढून देतो असं सांगितलं, आणि १९२८-२९ च्या सुमारास या दोघी खरोखरच सामान बांधून निघाल्या. मला त्या दारातल्या शार्लटचा विचार सोडवत नाही. तिला नक्की कळलं असणार ना की माझ्या तोंडाकडे बघून पाहुण्याचं तोंड उतरलं.

तिथून पुढे लंडनला आल्यावर ती कॅफे द पारी नावाच्या नाइटक्लबात होस्टेस म्हणून काम करायची, क्वीनी ओब्रायन या नावाने, आणि दिवसा स्टुडिओच्या चकरा, गर्दीतलं एखादं काम, एखादं वाक्य. मग तिला अलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकाने हेरलं. कोर्डा स्वतः हंगेरीतून आलेला परका माणूस, लंडनमध्ये बस्तान बसवू बघत होता, आणि मला वाटतं परक्याला परका लवकर ओळखतो. १९३३ साली त्याने द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ काढला, त्यात तिला अॅन बोलिनचं, राजाने जिची मान उडवली त्या राणीचं, काम दिलं. काम केवढं, तर सुरुवातीची काही मिनिटं. मान उडवायला नेण्याच्या सकाळी राणी आरशासमोर केस सारखे करते. बस. सगळा सिनेमा चार्ल्स लॉटनचा, त्याला त्यासाठी ऑस्करही मिळालं, पण लोक विचारायला लागले की ती सुरुवातीची राणी कोण होती. मग १९३४ मध्ये लेस्ली हॉवर्डबरोबर द स्कार्लेट पिंपर्नेल, आणि मर्ल ओबेरॉन हे नाव पोस्टरवर पक्कं झालं.

आणि टास्मानिया? मला आधी वाटायचं इतकं लांबचं ठिकाण कशाला शोधलं, लंडन म्हणायचं की सरळ. पण लंडन म्हटलं की कोणीतरी शेजारी निघतो, कोणीतरी वर्गमैत्रीण निघते. टास्मानिया म्हणजे ब्रिटिश, गोरं, इंग्रजी बोलणारं, आणि इतकं दूर की तिकडे जाऊन विचारायला कुणाला सवड नाही. विचार करून निवडलेली जागा होती ती.

लपवायला लागलंच का, असं आजच्या मुलामुलींना वाटेल. तर त्याच कोर्डाच्या कंपनीत एक भारतीय उघडपणे स्टार झाला होता, म्हैसूरच्या हत्तीखान्यातला साबू, एलिफंट बॉय १९३७ चा. पण त्याला कामं कसली, हत्तीवर बसलेला पोरगा, साहेबाशी इमान राखणारा राजपुत्र. त्यातला द ड्रम हा १९३८ चा सिनेमा मुंबईत लागला तेव्हा लोकांनी चिडून निदर्शनं केली होती. म्हणजे एकाच छपराखाली दोन भारतीय, एक दाखवायचा आणि एक झाकायची. बाईला नायिका व्हायचं असेल, गोऱ्या नायकाच्या मिठीत जायचं असेल, तर भारतीय असून चालणारच नव्हतं. अमेरिकेत १९३४ पासून सिनेमावर जी आचारसंहिता कडकपणे लागली त्यात गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती, आणि स्टुडिओवाले ती भीती आशियाई नटांच्या बाबतीतही बाळगून होते. अॅना मे वाँग ही चिनी वंशाची एवढी मोठी नटी, पण द गुड अर्थमध्ये चिनी नायिकेचं काम तिला न देता लुइझ रायनरला दिलं, आणि रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळालं. हे डोळ्यासमोर घडत असताना मर्लने काय करायला हवं होतं? शिवाय कायद्याचीही टांगती तलवार. १९१७ च्या कायद्याने भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला जवळजवळ बंदी होती, १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही म्हणून नागरिकत्व नाही, आणि हे सगळं थोडं सैल झालं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसं एवढंच. ती हॉलिवूडला पोचली १९३४-३५ मध्ये. जन्मस्थळ मुंबई असा एक कागद बाहेर आला असता तर नुसती बदनामी नव्हती, सगळं करियर गोत्यात आलं असतं.

आता द डार्क एंजलबद्दल, कारण त्याच्यावर मला मनापासून लिहायचंय. १९३५ चा सिनेमा, निर्माता सॅम्युअल गोल्डविन. त्याआधी अमेरिकेत तिला गूढ-परदेशी बाईच्या भूमिका मिळायच्या, डोळे अजून तिरके दिसतील असा मेकअप, चकचकीत केस. गोल्डविनने ते सगळं उतरवलं, साधे केस, साधे कपडे, इंग्लंडच्या खेड्यातली मुलगी. त्यासाठीच तिला ऑस्करचं नामांकन मिळालं (त्या वर्षी मिळालं बेटी डेव्हिसला). गोष्ट अशी की तिचा प्रियकर पहिल्या महायुद्धात आंधळा होतो आणि तिच्यावर ओझं नको म्हणून मेलो असं भासवून दुसरीकडे नाव बदलून राहतो. शेवटी ती त्याला शोधत येते. ती येणार हे कळल्यावर तो खोलीतली एकेक वस्तू पाठ करून ठेवतो, खुर्ची कुठे, टेबल किती पावलांवर, म्हणजे तिला कळायला नको. ती येते, तो अगदी सराईतपणे वावरतो, डोळस माणसासारखा, आणि थोडा तुसडेपणाने बोलतो. हे काम फ्रेडरिक मार्चचं. पण तुम्ही तिच्याकडे बघा. ती गप्प बसून ऐकतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी अपमान येतो, मग काहीतरी चुकतंय अशी शंका, आणि मग कळतं. मला हा सीन बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. कारण समोरचा माणूस पाठ करून ठेवलेल्या खोलीत वावरतोय हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिचं स्वतःचं सगळं आयुष्य तेच होतं. किती पावलांवर काय आहे हे लक्षात ठेवून चालायचं, अडखळायचं नाही.

पुढच्या वर्षी दिज थ्री आला, विल्यम वायलरचा, एका शाळेतली मुलगी खोटं बोलते आणि दोन शिक्षिकांचं आयुष्य उद्ध्वस्त होतं अशी गोष्ट. मिरियम हॉपकिन्स आणि मर्ल. मूळ नाटकात आरोप वेगळा होता, दोन बायकांमधल्या प्रेमाचा, सेन्सॉरने तो बदलायला लावला, नाटकाचं नावही वापरू दिलं नाही, तरी सिनेमा चांगला झालाय. यात मर्ल थोडी दबलेली वाटते मला, हॉपकिन्स जास्त मोकळी. असो.

१९३७ हे वर्ष तिला वाईट गेलं. कोर्डा तिला घेऊन आय, क्लॉडियस करत होता, लॉटन त्यात मुख्य भूमिकेत, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग, आणि शूटिंग चालू असताना लंडनमध्ये तिच्या गाडीला अपघात झाला, तोंडावर जखमा झाल्या, सिनेमा कायमचा बंद पडला. त्याच वर्षी शार्लट गेली. शार्लट तिच्याबरोबर निघाली हे मी मघाशी सांगितलं, पण लंडनला ती कशी राहायची ते नाही सांगितलं. घरी पाहुणे आले की ती मर्लची मोलकरीण असायची. जिने मुलीची अब्रू झाकायला नातीला मुलगी म्हणून वाढवलं, ती त्या नातीची अब्रू झाकायला ट्रे घेऊन उभी राहिली.

इथे मला राग येतो का? हो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप आला होता. कुणी आपल्या आईला असं करतं का. पण मग विचार येतो की हे दोघींनी मिळून ठरवलं असेल. लंडनच्या घरात शार्लटला ठेवायचं तर एवढी एकच सोय होती, नाहीतर तिला मागे कलकत्त्यात सोडून यायचं. मर्लने तिला सोडलं नाही. जवळ ठेवलं, पण परकी म्हणून ठेवलं. यातलं जास्त क्रूर कोणतं हे मला आजही ठरवता येत नाही, आणि मी रात्री भांडी आवरताना सुद्धा यावर विचार केलेला आहे.

मग वदरिंग हाइट्स. इंग्लंडातलं यॉर्कशरचं माळरान म्हणून जे दिसतं ते कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर शूट केलेलं. सेटवर ऑलिव्हिए आणि तिचं पटत नव्हतं, त्याला कॅथी म्हणून त्याची विव्हियन ली हवी होती (ती पण भारतातच जन्मलेली, दार्जिलिंगला, पण तिला ते सांगायला अडचण नव्हती). आठ ऑस्कर नामांकनं मिळाली सिनेमाला, मिळालं एक, ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्याला. ऑलिव्हिएला नामांकन होतं, सहाय्यक भूमिकेसाठी जेराल्डिन फिट्झजेराल्डला होतं, मर्लला नव्हतं. हे मला कधीच समजलेलं नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलीय त्यांना आठवत असेल, हीथक्लिफ हा काळासावळा अनाथ पोरगा आहे, त्याला पहिल्यांदा बघून एक जण ‘लस्कर’ म्हणतो, म्हणजे बोटीवरचा हिंदी खलाशी. सिनेमात कॅथीच्या तोंडी वाक्य आहे की तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि तुझी आई हिंदुस्थानची राणी. हा हीथक्लिफ झाला कोण, तर ऑलिव्हिए, पाद्र्याचा मुलगा, अस्सल इंग्रज. आणि जिच्या अंगात खरोखर ते रक्त, जिचं नावच राणीवरून ठेवलेलं, ती बाई झाली गोरी कॅथी. सगळ्या स्टुडिओत ज्या एका माणसाला हीथक्लिफ आतून माहीत होता ती समोर उभी राहून दुसऱ्याला त्याचे संवाद म्हणताना ऐकत होती. म्हणून तो स्वयंपाकघरातला सीन, बाहेर पाऊस आणि विजा, आणि ती घरातल्या मोलकरणीला, नेलीला, सांगतेय की मी श्रीमंत एडगरशी लग्न करणार, आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच कळतं की हीथक्लिफ म्हणजे मीच की. आवाज चढतो तिचा तिथे. तो आवाज कुठून येतो हे आता मला माहीत आहे असं वाटतं, कुणी भावुक म्हणालं तरी चालेल.

त्याच वर्षी तिने कोर्डाशी लग्न केलं, १९४२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि मुंबईची क्वीनी झाली लेडी कोर्डा. पण मध्येच १९४० मध्ये काहीतरी भयंकर झालं होतं, मेकअपमधल्या द्रव्यांची विषबाधा आणि त्यावर सल्फा औषधांची अॅलर्जी, चेहऱ्याची कातडी खराब झाली, न्यूयॉर्कला नेऊन कातडीचा वरचा थर घासून काढायचे उपचार केले, एकदा नाही, परत परत. थोडाफार उपयोग झाला पण चेहऱ्यावर बारीक खड्डे राहिलेच. जो चेहरा सांभाळायला एवढं सगळं केलं तो चेहराच हातातून चालला होता.

त्यावर तोडगा काढला ल्युसियन बॅलार्ड या कॅमेरामनने. १९४४ चा द लॉजर करताना त्याने एक छोटा दिवा बनवला, कॅमेऱ्याला चिकटून बसणारा. प्रकाश बाजूने आला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते, म्हणून खड्डा दिसतो. पण प्रकाश अगदी कॅमेऱ्याच्याच दिशेने, सरळ समोरून आला, तर सावली त्या खड्ड्यातच मावते, बाहेर दिसत नाही, चेहरा एकसारखा उजळतो. त्या दिव्याचं नाव पडलं ‘ओबी’, ओबेरॉनवरून. आजही कॅमेरावाले लोक तो शब्द वापरतात. बॅलार्डशी तिने १९४५ मध्ये लग्न केलं, कोर्डाशी घटस्फोट घेऊन. चार वर्षं टिकलं. पण मला तो दिवा विसरता येत नाही, एका माणसाने एका बाईच्या चेहऱ्याचा इतका जवळून, इतक्या मायेने विचार केला.

१९४९ साली फ्रान्समध्ये तिच्या डोळ्यांदेखत तिचा इटालियन प्रियकर, काउंट जॉर्जो चीनी, विमान अपघातात गेला. आणि त्याच वर्षी तिने शार्लटची चित्रं काढून घेतली. जुना फोटो चित्रकाराला दिला, आणि सांगितलं की रंग उजळ करा. ती चित्रं पुढे तिच्या प्रत्येक घरात लागलेली असायची, शेवटपर्यंत. शार्लट जाऊन बारा वर्षं झाल्यावर तिला एकदाची आई म्हणून भिंतीवर जागा मिळाली, पण रंग बदलून.

आमच्या घरी माझ्या आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा, एक मोठा फ्रेम केलेला फोटो आहे. ती गेल्यावर काकांनी स्टुडिओत करून आणला होता. आजी चांगली काळीसावळी होती, शेतात उन्हात राबलेली बाई, आणि फोटोतली आजी गुलाबी गोरी आहे, ओठसुद्धा रंगवलेले. फोटोवाल्याने न विचारताच केलं होतं, सगळ्यांचेच तसे करायचे. आम्ही नातवंडं लहानपणापासून त्याच बाईला दसऱ्याला हार घालत आलो. लग्नाच्या बायोडाटात अजून ‘गोरी’ नाहीतर ‘निमगोरी’ लिहितात, सावळी असेल तर ‘गव्हाळ’. त्यामुळे शार्लटच्या त्या चित्रांबद्दल वाचून मला मर्लचा तिरस्कार करताच आला नाही. आम्ही तर हे कुठल्याही स्टुडिओच्या धाकाशिवाय केलंय.

पुढची वर्षं भराभर सांगते. कामं कमी झाली, १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या ब्रुनो पाल्याई नावाच्या बड्या उद्योगपतीशी लग्न, दोन मुलं दत्तक, मोठाली घरं, पार्ट्या. १९७३ मध्ये स्वतः पैसे घालून इंटर्व्हल नावाचा सिनेमा काढला, तो चालला नाही, पण त्यातल्या तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान नायकाशी, रॉबर्ट वोल्डर्सशी, १९७५ मध्ये लग्न केलं आणि शेवटची वर्षं बहुतेक सुखात गेली असावीत.

दोन प्रसंग मात्र सांगायलाच हवेत. एक म्हणजे कॉन्स्टन्सचा मुलगा. कॉन्स्टन्सला पुढे लग्नानंतर मुलं झाली, ती मर्लला मावशी समजायची. त्यातल्या एकाने मुंबईला जाऊन सरकारी दप्तरात तिचा जन्मदाखला शोधून काढला. त्यात आईच्या रकान्यात त्याच्या आईचं नाव. म्हणजे मावशी नव्हे, बहीण. तो तिला भेटायला अमेरिकेत गेला तर तिने भेट नाकारली. त्याने पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट चरित्रकारांनाही सांगितली नाही. ज्या बहिणीने दार उघडलं नाही तिचं गुपित त्याने सांभाळलं, मला हा माणूस फार मोठा वाटतो.

दुसरा होबार्टचा. १९७८ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला गेली होती, तेव्हा होबार्टच्या महापौरांनी गावच्या लेकीचा म्हणून सत्कार ठेवला. खरं तर ऐन वेळी त्यांच्याही कानावर आलं होतं की इथे जन्माची नोंद कुठेच सापडत नाही, पण समारंभ ठरलेला, लोक जमलेले. ती आली. तिथे एक थिएटर तिच्या नावाचं होतं. आणि येऊन थोड्या वेळातच ती म्हणाली की मी इथे जन्मले नाही. मग बरं वाटत नाही म्हणून निघून गेली, बाकीचे दिवस हॉटेलच्या खोलीतच राहिली, ते थिएटर बघायलाही गेली नाही.

पन्नास वर्षं जे सांभाळलं ते तिथे का सोडून दिलं? मला वाटतं लांबच्या लोकांशी खोटं बोलणं वेगळं आणि हार घेऊन समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलणं वेगळं. तिथे काही लोक तर असेही होते ज्यांना तिला लहानपणी बघितल्याचं ‘आठवत’ होतं. त्यांच्यासमोर तिला जमलं नसावं. पण मी इथली नाही एवढंच म्हणाली. कुठली ते नाही सांगितलं. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, कॅलिफोर्नियात मालिबूला ती गेली, ६८ वर्षांची होती. मुंबईची म्हणून ती जगाला कळली ती त्यानंतर, चरित्र आलं तेव्हा.

मागच्या महिन्यात आईला द डार्क एंजल दाखवला. आईला इंग्रजी संवाद सगळे नाही कळत, मी मध्ये मध्ये सांगत होते, मग शेवटच्या सीनला तिनेच मला गप्प केलं. संपल्यावर चहा टाकायला उठली आणि आतूनच विचारलं, ‘ही आपल्या मुंबईत नेमकी राहायची कुठे गं?’ मी म्हटलं ते मला कुठे सापडलं नाही अजून. मग चहा घेताना तिने कपाटातून एक पाकीट काढून दिलं, आत आजीचा रेशनकार्डासाठी काढलेला छोटा फोटो, काळापांढरा, डोक्यावरून पदर, कपाळावर मोठं कुंकू, आणि रंग आजीचा. उद्या तो फ्रेमवाल्याकडे टाकतेय, काहीही न करता आहे तसा मोठा करून दे म्हणून सांगणार आहे.